चौतीस मापं, कपडा एकही नाही

मास्तर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाही, खांद्यांकडे बघतो. मी त्याच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा नजर चुकवतोय, म्हणजे आता हसणार. मी भांडणाच्या तयारीतच होते. मी मुलगा म्हणून वाढलेली, मला बाईचा ड्रेस शिवून हवा होता आणि त्याआधी तीन शिंप्यांनी मला तीन तऱ्हांनी वाटेला लावलं होतं. एकाला वेळ नव्हता, दुसऱ्याला टेप सापडत नव्हता, तिसऱ्याने आतल्या कारागिरांना हाक मारून फुकटचा खेळ दाखवला. मास्तरने गळ्यातला टेप काढला, माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे. पिशवी ह्याच खांद्याला लावता का?"

मी हो म्हटलं.

"मग पॅड घालू. दिसणार नाही."

त्या दिवसापासून मास्तर माझा माणूस. ह्याला एकोणीस वर्षं झाली. आता तो त्रेपन्न वर्षांचा आहे. गळ्यात टेप आणि चष्म्याची दोरी, दोन्ही एकदम अडकवतो आणि अर्धा दिवस त्यांचा गुंता सोडवण्यात घालवतो. लग्न केलं नाही. का केलं नाही ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि विचाराल तर कुणालाच ठाऊक नाही. दुकान दोघा भावांचं. थोरला कापतो, मास्तर शिवतो. दोघांना धंदा शिकवला वडिलांनी, एकाच टेबलावर, एकाच पट्टीचा मार देऊन. थोरल्याचं घर दुकानाच्या मागे, मास्तरची खोली वर.

थोरला माणूस वाईट नाही, पण जिभेला त्याच्या कात्रीइतकी धार. ह्या विषयावर तो आयुष्यात एकदाच बोलला, दहा वर्षांपूर्वी. "तू भाऊ आहेस म्हणून गप्प आहे. माझ्या घरात दुसरं असं कुणी निघालं तर दाराबाहेर. मग पोटचं का असेना." मास्तरने मला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं, दातात टाचणी धरून बोलावं तसं, ओठ न हलवता.

दोन वर्षांपूर्वी मी काम करते त्या संस्थेकडे एक संशोधक बाई आल्या. आमच्या लोकांच्या तब्येतीचा अभ्यास करायचा म्हणाल्या. बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, माझ्यासारख्या, सगळे. झोप लागते का, धडधड होते का, डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात, गेलात तर खरं सांगितलंत का, एकटं वाटतं का, जगणं नको वाटतं का. बाईंच्या प्रत्येक वाक्यात टक्केवारी, म्हणून आम्ही तिचं नाव टक्केबाई पाडलं. मी आधी उडवून लावलं. म्हटलं, आमच्यावर कागद काळे करणारे पुष्कळ येऊन गेले.

"तुम्ही दवाखान्यात भांडायला जाता," टक्केबाई म्हणाली, "तेव्हा ते विचारतात ना, असे किती जण आहेत? तुम्ही काय सांगता?"

"पुष्कळ, म्हणून सांगते."

"पुष्कळ हा आकडा नाही."

मला राग आला, कारण खरं होतं. दवाखान्यातल्या त्या खिडकीवर मी दहा वेळा तोंडावर पडले होते ते ह्याच शब्दापायी.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. तेच प्रश्न त्याच माणसाला सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचे, म्हणजे कळतं की माणूस सुधारतोय की खचतोय. पण नाव कुठेही लिहायचं नाही. मग प्रत्येकाने स्वतःचा नंबर बनवायचा, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माची तारीख, फोनचे शेवटचे दोन आकडे. कागदावर सोपं आहे. आमच्याकडे एक जण म्हणाला, ज्या आईने घराबाहेर काढलं तिचं अक्षर मी लिहिणार नाही, आणि त्याने मांजराचं लिहिलं. दुसरीने महिन्याभरात फोन बदलला. तिसऱ्याला आपण शाळेतली तारीख दिली की खरी, तेच आठवेना.

आणि ह्या सगळ्यात मास्तर सर्वात चांगला निघाला. मी त्याला ह्या कामात ओढलं होतं ते माणसं आणून देईल म्हणून. त्याने प्रश्न विचारायचीच वेगळी रीत काढली.

"समोर बसवून विचारलं की माणूस उत्तर देत नाही, परीक्षा देतो," तो म्हणाला. "पाठीमागून विचारायचं, बाईसाहेब." मला तो बाईसाहेब म्हणतो, चिडवायला.

दुकानातली ट्रायलची जागा म्हणजे पडदा लावलेला कोपरा. मास्तर माणसाला तिथे उभा करायचा, माप घ्यायला लागायचा आणि मधेच हळू आवाजात विचारायचा, झोप लागते का. माणूस भिंतीकडे बघून खरं सांगायचा. "टेप खोटं पकडतो," मास्तर म्हणायचा. "मजेत आहे म्हणताना छाती अर्धा इंच आत जाते." बाहेर थोरला कापत असायचा आणि त्याला वाटायचं, गिऱ्हाईक आहे. अशी चौतीस माणसं झाली. टक्केबाई खूश, मी त्याहून खूश. छाती माझीच फुगली होती, काम सगळं त्याचं होतं.

त्यात मास्तरने एक गोष्ट आम्हाला सांगितली नाही. लोक नंबर विसरतात हे त्याने पाहिलं होतं. स्वतः तो नावं विसरतो, चेहरे विसरतो, पण घेतलेलं माप विसरत नाही. म्हणून त्याने एक वही केली. नाव नाही, फोन नाही. फक्त मापं, आणि प्रत्येक मापाखाली तो नंबर. सहा महिन्यांनी माणूस समोर आला की खांदे बघायचे, वहीतलं पान काढायचं, नंबर हातात. त्याच्या मते ह्याहून झाकली मूठ दुसरी नव्हती. मापावरून माणूस कोण ओळखणार?

दुसरी फेरी तोंडावर आली आणि मास्तरच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. तीन दिवस दवाखान्यात. चौथ्या दिवशी दुपारी तो आमच्या ऑफिसचा जिना चढून आला, एका डोळ्यावर पट्टी, शर्टाचं बटण खालीवर लागलेलं. शिंप्याच्या अंगावर चुकीचं बटण मी पहिल्यांदा पाहिलं.

"वही दादाकडे आहे," तो म्हणाला.

"कुठली वही?"

मग त्याने सांगितलं. ऐकता ऐकता मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. मग राग आला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो ऐकत राहिला, एका डोळ्याने.

झालं होतं असं. मास्तर नसताना कुणाची तरी पँट कापायची होती, थोरल्याने मशीनखालच्या वह्या उपसल्या आणि ही हाताला लागली. मास्तर परत आला तेव्हा ती कापायच्या टेबलावर उघडी होती.

"चौतीस मापं आहेत," थोरला म्हणाला होता. "कपडा एकही नाही. कुणाची आहेत?"

"जुनी आहेत."

"शाई ताजी आहे."

"गिऱ्हाईक येऊन गेलं, कापड आणलं नाही."

"चौतीस जण?"

मास्तर चष्म्याची दोरी सोडवायला लागला. थोरल्याने वही टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि खडू हातात घेतला.

"अरे पण नाव नाही ना त्यात," मी म्हटलं. "मापं वाचून त्याला काय कळणार?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिला, मी मूर्ख असल्यासारखं. "बाईसाहेब, मला जे कळतं ते त्याला माझ्याआधी कळतं. तो थोरला आहे. त्याला माप दाखवा, तो तो माणूस चालताना कसा दिसतो ते सांगेल."

"तरी चौतीसांतले त्याच्या ओळखीचे किती?"

"सत्ताविसाव्या पानावर उजवी बाही बावीस, डावी सव्वाएकवीस."

मला आकड्यांतून काही समजेना. मग तो म्हणाला, "त्याची मुलगी."

थोरल्याची मुलगी, मास्तरची पुतणी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सव्वीस वर्षांची, शांत, घरी वडिलांबरोबर राहणारी. आई नाही. सातव्या वर्षी जिन्यावरून पडून डावं कोपर मोडलं, हात जरा आखूडच राहिला. शाळेच्या गणवेशापासून लॅबच्या पांढऱ्या कोटापर्यंत तिचा प्रत्येक कपडा थोरल्यानेच कापलाय. ती स्वतःहून मास्तरकडे आली होती, पडद्याआड उभी राहिली होती, आणि काकाने पाठीमागून विचारलं तेव्हा भिंतीला सांगितलं होतं की तिचं एका मुलीवर प्रेम आहे. त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तो त्या पानापर्यंत गेला का?"

"माहीत नाही. काल रात्री परत आलो, जेवताना मीठ घे म्हणाला, एवढंच बोलला. नाही, मीठ दे म्हणाला. मला आता नीट आठवतही नाही काय म्हणाला ते."

मी लगेच तोड काढली. म्हटलं, सांग की नाटक कंपनीची ऑर्डर आहे, चौतीस पोशाख, कंपनी बुडाली. वही मागून घे, जाळून टाक, विषय संपला. तेवढ्यात टक्केबाई आली. तिला सांगावंच लागलं. ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली.

"ज्यांची माहिती उघडी पडली असेल त्यांना सांगावं लागतं," ती म्हणाली. "सगळ्यांना. आजपासूनच."

"सांगून काय होणार?" मी म्हटलं. "चौतीस घरांत जाऊन हात दाखवून अवलक्षण करायचं? तुमचा नियम पाळायला घर कुणाचं जाणार? तुमचं नाही जाणार."

"नाही जाणार," ती म्हणाली. "म्हणूनच मी ठरवू शकत नाही. तुम्हीही नाही."

मी आणखी पेटले. आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. मास्तर मधेच उठला.

"तुम्ही भांडा," तो म्हणाला. "मी तिला सांगून येतो. बाकीच्यांना नंतर, पण आधी तिला. शिलाई उसवली असेल तर गिऱ्हाईकाला आपणच दाखवायची असते. ते घालून रस्त्यावर गेल्यावर कळायला नको."

एका डोळ्याने त्याला रस्ता ओलांडता येत नव्हता, म्हणून मी गेले बरोबर. रागातच गेले.

लॅबच्या मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. पुतणी हातमोजे काढत बाहेर आली. "काका, डोळा कसाय? आणि ताई पण? काय झालं?"

मास्तरने सगळं सांगितलं. फिरवून नाही, सारवून नाही. ती ऐकताना हातमोजा उलटा करत होती, पुन्हा सुलटा करत होती.

"त्या कागदावर नाव नाही म्हणून मी तो भरला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "चार वर्षांत एका माणसाला खरं सांगितलं. आणि तू ते वहीत लिहून ठेवलंस."

"मी फक्त माप लिहिलं गं."

"काका, आपल्या घरात मापाहून वेगळं नाव लागतं का?"

मास्तर पायरीवर बसला.

मी म्हटलं, "हे बघ, आज घरी जाऊ नकोस. मैत्रिणीकडे जा, नाहीतर माझ्याकडे ये. दोन दिवसांत अंदाज घेऊ त्याला कळलंय की नाही."

"आणि नसेल कळलं तर? मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघत जेवू? आज कळलं का, आज कळलं का?" तिने मोजे कोटाच्या खिशात कोंबले. "मी रजा टाकते. आत्ताच जाऊ."

मी जायला नको होतं. घरातली गोष्ट. पण मास्तर म्हणाला, बाईसाहेब, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा, नुसत्या बसा. मी माझ्या पिशवीची चेन रस्त्यातच ओढून मोडली, निमित्त म्हणून.

थोरला कापायच्या टेबलावर वाकलेला होता. कोटाचं कापड, खडूच्या रेघा, मोठी कात्री. मला बघून म्हणाला, "काय?"

"चेन बसत नाही."

"बसेल. ठेवा तिथे, बसा."

मग त्याला मुलगी दिसली, तिच्या मागे भाऊ दिसला. "आज लवकर?"

"बाबा, काकाची वही वाचलीत?"

कात्री चालत होती. ती रेघेच्या शेवटापर्यंत गेली. मध्येच थांबवली की कापडाच्या कडेला दाते पडतात, हे मला मास्तरनेच कधीतरी सांगितलं होतं. तरी ती रेघ एवढी लांब असेल असं वाटलं नव्हतं.

"वाचली."

"सगळी?"

"मापं वाचायला वेळ किती लागतो."

मास्तर मशीनला टेकून उभा होता. त्याचा पाय पायट्यावर पडला आणि मशीन रिकामंच दोनदा खडखडलं. त्याने पाय काढला.

"वहीत एक न भरलेला कागद होता," थोरला म्हणाला. "प्रश्नांचा. कसल्या लोकांसाठी ते वर लिहिलंय. पहिला प्रश्न झोपेचा आहे."

"हो."

"तू काय लिहिलंस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चेनकडे पाहिलं.

"लागत नाही, असं लिहिलं."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"चार वर्षं मी भिंतीपलीकडे झोपतो," थोरला म्हणाला. दुसऱ्या कुणाची तक्रार सांगावी तसं. त्याने कापलेला तुकडा उचलला, घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग ड्रॉवर ओढला, वही काढली, सत्ताविसावं पान उघडलं. शोधावं लागलं नाही. मोठ्या कात्रीने शिवणीच्या कडेकडेने ते पान कापलं, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. वही भावापुढे सरकवली.

"हे माझ्याकडे राहील. बाकीच्यांचं तू बघ. आणि ह्यावर ह्या घरात बोलणं नको."

"मी राहू की जाऊ?" मुलीने विचारलं.

"तुला जा कोण म्हणालं?"

"काकाला म्हणाला होतात. पोटचं असलं तरी, म्हणून."

"काकाला म्हणालो होतो." त्याने खडू उचलला. "आत जा. चहा टाक."

मला राहवलं नाही. "ते पान तिचं आहे," मी म्हटलं. "तिला द्या."

थोरल्याने माझी पिशवी ओढली, पक्कड घेतली, एका दाबात चेन बसवली. "झाली तुमची चेन?"

"झाली."

"मग उठा."

मी उठले. एवढ्या वर्षांत मला दुकानांतून पुष्कळांनी उठवलं, पण काम करून देऊन कुणी उठवलं नव्हतं.

वही आम्ही त्याच दिवशी जाळली, टक्केबाईसमोर. मग उरलेले तेहतीस. मास्तर प्रत्येकाच्या दारात गेला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पट्टी होती तोवर मी हात धरून नेला, नंतर तो एकटा जायचा. दोघांनी दार लावून घेतलं. एकाने हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन बदलला. एक बाई म्हणाली, तुम्ही माप घेत होतात तेव्हा बरं वाटलं होतं हो, आता तेही नाही. मास्तर ते ऐकून आला आणि दोन दिवस मशीनवर बसला नाही. थोरल्याने काही विचारलं नाही, त्याच्या वाटचे काज स्वतः करून टाकले. घरात अजून कुणी बोललेलं नाही. आजचा दिवस बरा गेला, एवढंच मास्तर मला रोज कळवतो, आणि मी रोज फोनपाशी बसते.

दुसरी फेरी आम्ही आमच्या ऑफिसात घेतली. नऊ जण आले नाहीत. पुतणी शेवटच्या दिवशी आली.

"नंबर?" टक्केबाईने विचारलं.

"आठवत नाही. फोन तेव्हा दुसरा होता."

नंबर कुठे आहे ते आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. थोरल्याच्या खिशात, चार घड्या घातलेला.

"मागून आण की," मी म्हटलं. "तुझाच आहे."

"मागितला तर बोलणं होईल, ताई."

टक्केबाईने नियम सांगितला. जुन्या कागदाशी जोड लागली नाही तर नवा कागद धरता येत नाही. अहवालात दहा जण दुसऱ्या फेरीला आले नाहीत असंच जाईल, आणि त्या दहांतली एक आमच्या समोर खुर्चीवर बसली होती. मी भांडले. टक्केबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्हाला आकडा हवा होता ना, आकडा असाच खरा राहतो. मी तिच्याशी त्या दिवसापासून जेवढ्यास तेवढं बोलते.

"तरी भरते मी," पुतणी म्हणाली. "धरू नका. काकाने विचारलं की झालं."

मास्तर तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. टेप त्याने आणला नव्हता, हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना, म्हणून त्याने खुर्चीची पाठ धरली.

"झोप लागते का?"

"मला आता थोडी लागते," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "पण बाबा जागे असतात. पलीकडून ऐकू येतं."

टेबलावरच्या कागदावर पुढचे बावीस प्रश्न होते. मास्तरने खुर्चीची पाठ सोडली आणि दुसरा विचारला.